वंशावळीतली परकी सून

हिब्रू धर्मग्रंथ वाचायला घेतलेल्या वाचकाचा उत्साह कोठे मावळतो, हे सांगणे अवघड नाही. सृष्टीची उत्पत्ती, एदेनची बाग, काइन आणि हाबेल या भावांचे वैर, इथपर्यंत तो रमून वाचतो. पाचव्या अध्यायात नावांची रांग सुरू झाली की त्याची बोटे पाने उलटू लागतात. अमुकाला तमुक झाला, तमुकाला आणखी कोणी झाला, यात वाचायचे ते काय? आपल्याकडेही हेच चालते. ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ ही पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन लक्षणे आहेत. परंतु पुराणिकबुवा राजांची यादी वाचू लागले की श्रोत्यांत पानसुपारी फिरू लागते.

या लेखात त्या उलटलेल्या पानांविषयीच लिहायचे आहे. वंशावळ म्हणजे कुळाचा तोरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते; आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु हिब्रू ग्रंथांतील वंशावळी एकेक नाव थांबून वाचल्या, तर त्या तोऱ्याला फारशी जागा ठेवत नाहीत असे दिसते. वंशात आलेली परकी माणसे, दास, विधवा, दुखावलेले भाऊ ही सारी त्यांत नोंदलेली आहेत. या याद्यांपासून मनाला काही शिकवण मिळत असेल, तर ती या नको असलेल्या नावांपाशी मिळते.

*

प्रथम ‘उत्पत्ति’ या पहिल्या ग्रंथाचा तो पाचवा अध्यायच घेऊ. आदामापासून नोहापर्यंत त्यात दहा पिढ्या आहेत. प्रत्येकाचा मजकूर एकाच साच्यातला: इतक्या वर्षांचा असता मुलगा झाला, पुढे इतकी वर्षे जगला, आणखी मुलगे व मुली झाल्या, एकंदर वय इतके, आणि मग मरण. आदाम ९३०, शेथ ९१२, अनोश ९०५. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण प्रत्येक आयुष्याच्या शेवटी मरणाचे तेच एक क्रियापद येऊन उभे राहते. गाण्यात ध्रुपद यावे तसे ते पुनःपुन्हा येते. बागेत आदामाला मृत्यूची जी ताकीद मिळाली होती, ती खरी ठरल्याचे कोणी पात्र बोलून दाखवीत नाही. ते काम ही यादी करते.

आणि सातव्या पुरुषापाशी ध्रुपद चुकते. हनोख ३६५ वर्षे जगला. म्हणजे त्या मंडळींत तो अल्पायुषीच म्हणायचा. त्याच्यापाशी मरणाचा शब्द नाही. देवाच्या संगतीने वागणारा हा माणूस देवाने नेला, एवढाच आशय तेथे आहे. आधीचे सहा मृत्यू ज्याने ऐकले त्याच्या कानाला सातवी शांतता जाणवते. पाने उलटणाऱ्याला ती जाणवत नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या साध्या युक्तीचा हेवा वाटावा. एक शब्द गाळण्यासाठी तो आधी सहा वेळा लिहून ठेवायचा, इतका धीर आमच्यापैकी फार थोड्यांना असतो.

हनोखाचा मुलगा मथुशलह. वय ९६९, म्हणजे साऱ्या ग्रंथात सर्वांत दीर्घायुषी. इतक्या वर्षांत त्याने काय केले? मुले झाली यापलीकडे ग्रंथ एक अक्षरही सांगत नाही. मात्र शाळेतल्या पोरालाही घालता येईल असे एक गणित त्यात दडलेले आहे. परंपरागत हिब्रू पाठाप्रमाणे मथुशलहाला १८७व्या वर्षी लामेख झाला; लामेखाला १८२व्या वर्षी नोहा झाला; आणि नोहा ६०० वर्षांचा असताना जलप्रलय आला. बेरीज करा: ९६९. जगातला सर्वांत म्हातारा माणूस प्रलयाच्याच वर्षी संपला. तो बुडाला की पाऊस सुरू होण्यापूर्वी अंथरुणावर गेला, हे ग्रंथ सांगत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी पाठात हे आकडे वेगळे आहेत, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. तरीही आयुष्याची लांबी आणि आयुष्याचा अर्थ या दोन गोष्टी यादीने बाप-लेकांच्या जोडीत शेजारी शेजारी मांडून ठेवल्या आहेत, हे नाकारता येत नाही.

*

वंशावळीला हिब्रूत ‘तोलेदोत’ असा शब्द आहे. जन्म देणे या अर्थाच्या धातूपासून तो झालेला आहे. ‘उत्पत्ति’ ग्रंथात ‘ही अमक्याची तोलेदोत’ अशा धर्तीचे मथळे अकरा वेळा येतात आणि त्यांवरच त्या ग्रंथाची बांधणी उभी आहे. पहिला मथळा तर माणसाचाही नाही. तो आकाश आणि पृथ्वी यांचा आहे. म्हणजे कुळाचा शोध मागे मागे नेला, तर तो शेवटी सर्वांच्या सामाईक अंगणात जाऊन पोचतो.

या अकरा मथळ्यांची रचना लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. अब्राहामाला दोन मुलगे: दासी हागार हिचा इश्माएल आणि पत्नी सारा हिचा इसहाक. वारसा इसहाकाकडे जातो, कथा त्याच्यामागे जाते. परंतु कथा पुढे सरकण्यापूर्वी इश्माएलाची वंशावळ येते. त्याचे बारा मुलगे नावानिशी दिले आहेत. पुढे याकोबालाही बाराच मुलगे व्हायचे आहेत. दुसऱ्या पिढीत तेच घडते. एसाव आणि याकोब हे जुळे भाऊ. थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याने कपटाने मिळवलेला. कथा याकोबाची आहे. पण आधी एसावाच्या वंशासाठी ४३ वचनांचा एक सबंध अध्याय खर्ची घातलेला आहे. त्याच्या बायका, मुले, नातवंडे, सरदार, त्याच्या देशात होऊन गेलेले राजे, सारे काही.

हा एसाव म्हणजेच अदोम. पुढे अदोमाशी इस्राएलाचे हाडवैर झाले. यरुशलेम पडले तेव्हा अदोमी लोकांनी आनंद मानला असा हिब्रू ग्रंथांचाच आरोप आहे. अशा शत्रूची वंशावळ आपल्या पवित्र ग्रंथात एवढ्या सविस्तर कोण जपून ठेवतो? आणि तीही आपल्या पूर्वजाच्या आधी! आणखी एक बारीक गोष्ट पाहा. अब्राहामाला इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून पुरले. इसहाकाला एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून पुरले. दोन्ही ठिकाणी आधी बापाचे अंत्यसंस्कार, आणि मग दूर झालेल्या भावाच्या मुलाबाळांची यादी. वाटण्या झाल्या, बोलणे तुटले, तरी भावाच्या घरी कोण कोण आहे हे माहीत असावे, ही जाण तेथे दिसते. ज्या घरांत वाटण्यांवरून चुली वेगळ्या झाल्या आहेत, त्या घरांतल्या वाचकांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

*

सर्वांत मोठी वंशावळ ‘इतिहास’ या नावाच्या ग्रंथात आहे. तिचे नऊ अध्याय आहेत. सुरुवातीला तर वाक्यही नाही. आदाम, शेथ, अनोश अशी नुसती नावे. हा ग्रंथ कोणत्या काळचा, हे लक्षात घेतले म्हणजे या रुक्षपणाचा उलगडा होतो. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी यरुशलेम आणि तेथील मंदिर जाळले, लोकांना कैद करून नेले. इ. स. पूर्व ५३८ मध्ये पारसिक सम्राट कोरेशाच्या काळात त्यांना परतण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या काळात, राजा नाही, सैन्य नाही, राज्य दुसऱ्याचे, अशा स्थितीत हा ग्रंथ आकाराला आला. घर जळून गेलेल्या माणसाने राखेत बसून घरातल्या माणसांची नावे मोजावीत, तसे ते नऊ अध्याय आहेत. तेथे अलंकार शोधणे व्यर्थ आहे.

परंतु नावे मोजता मोजता मध्येच लेखणी थबकते. यहूदाच्या वंशात शेशान म्हणून एक गृहस्थ आहे. त्याला मुलगे नाहीत, मुलीच आहेत. त्याच्या पदरी यरहा नावाचा मिसरी दास होता. त्याला शेशानाने आपली मुलगी दिली. या जोडप्यापासून अत्तय झाला, आणि अत्तयापासून पुढे एकेक करत तेरा नावे लागोपाठ दिलेली आहेत. ज्या मिसर देशात इस्राएल स्वतः दास होता, त्याच देशातला एक दास यहूदाच्या वंशवेलीचा आधार झाला आहे. लिहिणाऱ्याला हे झाकता आले असते. शेशानाचा नातू म्हणून अत्तयाचे नाव घालून तो पुढे गेला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

असेच दुसरे नाव शेरा हिचे. एफ्राईमाच्या वंशात तिची नोंद आहे, आणि तिने वरचे व खालचे बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा ही गावे वसवली असे सांगितले आहे. वंशावळीत बाई बहुधा कोणाची तरी आई म्हणून येते. ही आपल्या कर्तृत्वावर आली आहे. कोठे तागाचे कापड विणणाऱ्यांची घराणी आहेत, कोठे राजासाठी काम करणारे कुंभार आहेत, तर नवव्या अध्यायात मंदिरासाठी तव्यावरच्या पोळ्या करण्याचे काम कोणाकडे होते तेही नावानिशी सांगितले आहे. राजवंशाच्या यादीत दावीद आहे, आणि त्याच ग्रंथात पोळ्या करणारा मत्तिथ्याही आहे.

दोष दाखवायचे तर पुष्कळ दाखवता येतील. यहूदा आणि लेवी यांना भरपूर जागा आणि झबुलून, दान यांना स्वतंत्र यादीही नाही, हा उघड पक्षपात आहे. काही नावे एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी अशी येतात. आणि शेकडो पुरुषांच्या मागे उभ्या असलेल्या शेकडो स्त्रियांची नावे कोणी विचारलेलीच नाहीत. शेशानाने मुलगी दिली असे लिहिताना दासाचे नाव येते, त्या ओळीत मुलीचे येत नाही.

*

वंशावळीची धार जिथे माणसाला कापते, ती जागा ‘एज्रा’ ग्रंथात आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची यादी आहे. एकंदर लोक ४२,३६०. त्यांच्याबरोबर दासदासी ७,३३७. घोडे ७३६, उंट ४३५, गाढवे ६,७२०. गाढवांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या या यादीतील कुळवार आकड्यांची बेरीज मात्र सुमारे तीस हजारच भरते. उरलेले बारा हजार कोण, याचा खुलासा नाही. याच यादीत दलाया, तोबीया आणि नकोदा यांच्या कुळांतले ६५२ लोक आहेत. आपण इस्राएलाचेच आहोत हे त्यांना दाखवता आले नाही. काही याजक घराण्यांनी आपली वंशपत्रे शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना याजकपदावरून दूर ठेवण्यात आले.

त्याच ग्रंथाच्या शेवटी याहून कठोर प्रसंग आहे. परक्या बायका केलेल्या पुरुषांनी त्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना घालवून द्यावे असे ठरते. ग्रंथ संपतो तो एका यादीने: असा विवाह केलेल्या शंभराहून अधिक पुरुषांची नावे. ज्यांना जावे लागले त्या बायकांपैकी एकीचेही नाव त्यात नाही. एज्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एक लहानसा, मोडलेला समाज प्रचंड साम्राज्यात विरघळून जाईल ही भीती खोटी नव्हती. आणि तो विरघळला असता तर हे ग्रंथही आपल्यापर्यंत आले नसते. भीती समजते. तरी दारात उभ्या राहिलेल्या त्या निनावी बायका मनातून जात नाहीत.

त्यांच्यापैकी एकीचे नाव मात्र राहिले आहे असे म्हणता येईल; ती त्या काळातली नव्हे, पण त्याच प्रकारची. ती म्हणजे रूथ.

‘रूथ’ हा चार अध्यायांचा, ८५ वचनांचा चिमुकला ग्रंथ आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून नामी ही स्त्री नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. मुले तिथल्याच मुलींशी लग्ने करतात. तिन्ही पुरुष मरतात. नामी परत निघते, आणि धाकटी-थोरली असा मान न पाहता सुनांपैकी एकटी रूथ तिच्यामागून चालू लागते. परक्या गावात ती कापणीच्या मागे फिरून सरवा वेचते आणि सासूला पोसते. आता मवाबी लोकांविषयी नियमशास्त्र काय म्हणते? दहाव्या पिढीपर्यंत त्यांना देवाच्या मंडळीत प्रवेश नाही. म्हणजे रूथ ही कायद्याने वर्ज्य केलेली बाई.

शेतीवाडी सोडवून मयताचे नाव राखण्याचा पहिला हक्क नामीच्या एका जवळच्या आप्ताचा असतो. शेत घ्यायला तो तयार होतो. पण बरोबर या मवाबी विधवेशी लग्नही करावे लागेल असे कळताच आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून मागे सरतो. त्याच्या मागचा आप्त बवाज हा तिच्याशी लग्न करतो. गंमत पाहा: त्या पहिल्या आप्ताला बवाज वेशीपाशी हाक मारतो तेव्हा हिब्रू पाठात त्याचे नाव येत नाही. ‘पलोनी अलमोनी’ असे शब्द येतात. त्यांचा चोख मराठी अर्थ ‘अमका-तमका’. आपल्या घराण्याचे नाव जपायला निघालेल्या माणसाचेच नाव ग्रंथाने पुसून टाकले. साऱ्या हिब्रू वाङ्मयात इतका शांत उपहास मला दुसरा आढळला नाही.

आणि मग शेवटच्या पाच वचनांत वंशावळ येते. कित्येक टीकाकारांना ती कथेला मागाहून जोडलेले शेपूट वाटते. मला ती कथेचे टोक वाटते. पेरेस, हेस्रोन, राम, अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय, दावीद. नावे मोजावीत: बरोबर दहा. दहा पिढ्यांची बंदी घालणाऱ्या कायद्याशेजारी ही दहा नावांची ओळ ठेवली, आणि तिचे शेवटचे नाव राष्ट्राचा सर्वांत लाडका राजा दावीद याचे निघाले. रूथ त्याची पणजी. ओळीचा आरंभ ज्या पेरेसाने होतो, त्याची आई तामार हीही सासरच्यांनी वाऱ्यावर सोडलेली विधवाच. आपल्यापेक्षा ती अधिक न्यायी ठरली असे तिच्या सासऱ्याला, यहूदाला, शेवटी कबूल करावे लागले होते.

‘रूथ’ हा ग्रंथ एज्राच्या धोरणाला दिलेले उत्तर आहे, असे काही अभ्यासक मानतात. तो त्याहून पुष्कळ जुना आहे, असे इतर मानतात. काळाचा निर्णय काहीही लागो, दोन्ही ग्रंथ एकाच पोथीत, हिब्रू क्रमात तर एकाच विभागात, ठेवलेले आहेत. ज्या परंपरेने घालवून दिलेल्यांची यादी जपली, तिनेच घरात आलेल्या सुनेची यादीही जपली. शावुओत या गव्हाच्या हंगामाच्या सणाला अनेक सिनेगॉगमध्ये ‘रूथ’ वाचण्याची चाल आहे.

*

वंशपत्र सापडत नाही म्हणून अडवले जाण्याचा प्रसंग एज्राच्या काळाबरोबर संपला नाही. तो आपल्या कोकणच्या माणसांवरही आला. अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरागत हकीकत. ग्रंथ गेले म्हणजे वंशपत्रेही गेली. राहिली ती नावे. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये ज्यांनी उभारले, ते सॅम्युएल एझिकेल दिवेकर गावात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. आपले नाव, बापाचे नाव आणि गावाचे ‘कर’ लावलेले आडनाव: हीही एक तीन शब्दांची वंशावळच.

१९४८ नंतर या समाजातील पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशात गेली. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्राएल वधूवरांच्या आई, आजी, पणजी यांची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. दोन हजार वर्षे शनिवार पाळलेल्या माणसांना पणजीचा दाखला मागण्यात आला. मोठे आंदोलन झाले. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेत हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर झाले आणि पुढे धर्मपीठानेही त्या सूचनेतून त्यांचे नाव काढून टाकले. चौकशी करणाऱ्यांच्या टेबलावर ‘एज्रा’ होता, असे म्हणता येईल. त्याच पोथीत ‘रूथ’ही होती, आणि दावीदाच्या पणजीची चौकशी कोणी केली असती तर काय निघाले असते, हे त्यात लिहिलेले होते.

म्हणून या वंशावळींचे मर्म मला असे वाटते: आपण कोणाच्या रक्ताचे आहोत हे त्या सांगतात खऱ्या, पण आपण कोणाकोणाच्या उपकाराचे आहोत हे अधिक सांगतात. मिसरी दास, मवाबी सून, दूर गेलेला भाऊ आणि पोळ्या करणारा सेवेकरी यांतला एक जरी ओळीतून काढला, तरी ती ओळ लंगडी पडते.

दिवाळीच्या सुटीत घरोघर चार माणसे एकत्र येतात आणि कोणाला तरी वंशावळ लिहून काढण्याची हुक्की येते. त्याने पुरुषांची नावे लिहून झाल्यावर वही मिटू नये. आज्या, पणज्या कोणत्या गावाहून आल्या, त्यांची माहेरची नावे काय होती, हे विचारून घ्यावे. आणि ते सांगणारी म्हातारी माणसे ओटीवर बसलेली आहेत, तोवरच विचारावे.